जकात गेली, एलबीटी गेला... त्या बदल्यातले पैसे तुमच्या महापालिकेला बरोबर मिळतात का? स्वतः कसं तपासायचं

फेब्रुवारी-मार्च आला की महापालिकांची बजेटं येतात आणि पेपरात एक ओळ हमखास असते, "जीएसटी अनुदानापोटी अमुक इतके कोटी अपेक्षित". आपण ती वाचतो आणि पुढे जातो, कारण वाटतं सरकारकडून काहीतरी येतंय ना, मग ठीक आहे. पण महापालिकेच्या जाडजूड बजेटात हा असा आकडा आहे जो तुम्ही घरी बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढू शकता, तेही बजेट यायच्या आधी. मालमत्ता कर किती वसूल होईल ते आयुक्तांनाही नक्की सांगता येत नाही, बांधकाम परवानग्यांचं उत्पन्न बिल्डर लोकांच्या मूडवर असतं, पाणीपट्टीची तर बातच नको. हा आकडा मात्र सूत्राने ठरलेला आहे, त्यामुळे चुकला तर का चुकला हे विचारता येतं.

हा लेख सोसायटीतले जागरूक लोक, वॉर्डात काम करणारे कार्यकर्ते, लोकल पत्रकार आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेले नगरसेवक यांच्यासाठी आहे. अकाउंट्स यायची गरज नाही, गुणाकार आला तरी पुरे.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय सूत्र कळत नाही

महाराष्ट्रातल्या महापालिका वर्षानुवर्षं जकातीवर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करावर जगल्या. मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द अशा नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या आणि तिथे रोजच्या रोज रोख पैसा जमा व्हायचा. २०१० पासून राज्याने टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आणला, २०१३ मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, ठाणे, नाशिक अशा मोठ्या शहरांतही तो आला, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, खूप राडा झाला. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून सोडलं, आणि त्यामुळे महापालिकांचं जे नुकसान झालं ते राज्य सरकार भरून द्यायला लागलं. मुंबईत मात्र जकात शेवटपर्यंत टिकली.

मग आला जीएसटी. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीची नोंद ५२ काढून टाकली. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावायचा अधिकार याच नोंदीतून यायचा, म्हणजे जकात आणि एलबीटीचा घटनेतला पायाच गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि नाके बंद पडले. निर्णय दिल्लीत झाला, राज्याने मान्य केला आणि खिसा रिकामा झाला तो महापालिकांचा. त्या निर्णयात त्यांना मत नव्हतं, जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्र आणि राज्यं बसतात, महापौर बसत नाहीत.

हे होणार हे आधीच दिसत होतं म्हणून मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात राज्याने जीएसटीच्या कायद्यासोबत आणखी एक कायदा केला, महाराष्ट्र वस्तू व सेवा कर (स्थानिक प्राधिकरणांना भरपाई) अधिनियम, २०१७. मुंबई महापालिकेच्या स्वायत्ततेवरून तेव्हा शिवसेना आणि भाजपमध्ये बरीच ओढाताण चालली होती आणि माझ्या मते हा कायदा एवढा स्पष्ट झाला त्यात त्या ओढाताणीचा मोठा वाटा आहे. पहिला हप्ता ५ जुलै २०१७ ला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी मुंबईचे महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांच्या हातात दिला, ६४७ कोटी ३४ लाखांचा चेक, आणि महापालिकेच्या इमारतीत दोन्ही पक्षांची घोषणाबाजीही झाली.

पायरी १: तुमची संस्था कुठल्या डब्यात बसते ते ठरवा

इथेच निम्मा गोंधळ होतो. ही भरपाई महापालिकांची आहे. तुम्ही नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहत असाल तर तुमच्याकडे जीएसटी भरपाईची ओळ शोधू नका, कारण नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच बंद झाली आणि त्याबदल्यात त्यांना राज्याकडून "सहायक अनुदान" मिळतं, ज्यातून मुख्यतः कर्मचाऱ्यांचे पगार निघतात. ते वेगळं प्रकरण, वेगळे जीआर म्हणजे शासन निर्णय. ग्रामपंचायतींचाही इथे संबंध नाही.

महापालिका असेल तर ती कधी झाली ते बघा. सूत्राचं पायाभूत वर्ष, ज्या वर्षीच्या उत्पन्नावरून भरपाई मोजतात ते, २०१६-१७ आहे, म्हणजे त्या वर्षी जकात किंवा एलबीटी घेणाऱ्या जुन्या महापालिकांचा हिशोब सरळ आहे. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये म्हणजे पायाभूत वर्षाच्या मधोमध जन्मली. इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महापालिका झाली, त्यांनी महापालिका म्हणून कधी एलबीटी घेतलाच नाही, त्यामुळे त्यांना भरपाई कशाच्या आधारे द्यायची हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या दोन्ही शहरांसाठी अनुदान मंजूर केलं. तुम्ही या दोन शहरांतले असाल तर खालचं ८ टक्क्यांचं गणित डोळे झाकून लावू नका, आधी तुमच्या शहरापुरता निघालेला निर्णय वाचा.

आणि कॅन्टोन्मेंट म्हणजे लष्करी छावण्यांचा भाग. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर अशी सात कॅन्टोन्मेंट बोर्डं राज्यात आहेत, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जीएसटीमुळे त्यांचंही उत्पन्न बुडालं, पण महापालिकांसारखा महिन्याचा हप्ता त्यांना मिळाला नाही, पुणे आणि खडकीकडून जीएसटीतल्या वाट्याची मागणी वर्षानुवर्षं चालू होती. तिथे राहत असाल तर हा लेख फक्त शेजारच्या महापालिकेशी तुलना करायला उपयोगी.

पायरी २: पायाचा आकडा मिळवा

सगळं यावर उभं आहे. २०१६-१७ या वर्षात तुमच्या महापालिकेला या करांपोटी किती मिळाले, तो म्हणजे पाया. मुंबईसाठी तो सरळ जकातीचा आकडा. एलबीटी असलेल्या शहरांत दोन गोष्टी मिळून पाया बनतो, मोठ्या व्यापाऱ्यांकडून प्रत्यक्ष गोळा झालेला एलबीटी आणि ५० कोटींखालच्यांना सूट दिल्यामुळे राज्याने त्या वर्षी दिलेलं अनुदान. इथे नीट लक्ष द्या, कारण नुसता "एलबीटी वसुली" असा आकडा उचललात तर तुमचा पाया खूप लहान येईल आणि तुम्हाला वाटेल महापालिकेला जास्तच पैसे मिळतायत.

कुठे सापडेल? २०१८-१९ चं बजेट पुस्तक काढा, त्यात २०१६-१७ चे प्रत्यक्ष जमेचे आकडे असतात. बजेट पुस्तकात साधारण मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे कॉलम असतात, म्हणून हव्या असलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा नेहमी दोन वर्षं पुढच्या पुस्तकात बघायचा. बऱ्याच महापालिकांच्या वेबसाइटवर जुनी पुस्तकं आहेत, काहींच्या वेबसाइटवर लिंक आहे पण क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही, तेव्हा आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, त्याचा नमुना खाली देतोय.

पाया मिळाला नाही तरी काम अडत नाही. मागचा कुठलाही एक भरवशाचा वार्षिक आकडा मिळाला तरी तिथून पुढे मोजता येतं, कारण दर वर्षीची वाढ ठरलेली आहे.

पायरी ३: ८ टक्के, चक्रवाढ

सूत्र एका ओळीत सांगायचं तर मागच्या वर्षीची भरपाई गुणिले १.०८. बस. समजा पाया १०० कोटी. मग २०१७-१८ साठी पूर्ण वर्षाचा आकडा १०८ कोटी (प्रत्यक्षात जुलै ते मार्च असे नऊच महिने, कारण पहिले तीन महिने जुने कर चालू होते), २०१८-१९ ला ११६.६४, २०१९-२० ला १२५.९७, २०२०-२१ ला १३६.०५, २०२१-२२ ला १४६.९३, २०२२-२३ ला १५८.६९, २०२३-२४ ला १७१.३८, २०२४-२५ ला १८५.०९, २०२५-२६ ला १९९.९० आणि २०२६-२७ ला २१५.८९ कोटी. नऊ वर्षांत पैसे दुप्पट. तुमचा पाया ३४० कोटी असेल तर हे सगळे आकडे ३.४ ने गुणा, काम झालं.

हे खरंच असं चालतं का? मुंबईचं बघा. २०२४-२५ च्या बजेटात जकातीच्या बदल्यातली भरपाई १३,३३१.६३ कोटी होती आणि २०२५-२६ च्या बजेटात १४,३९८.१६ कोटी. भागाकार करून बघा, बरोबर १.०८ येतो. म्हणजे महिन्याला साधारण १,२०० कोटी. त्याच वर्षी मालमत्ता कराचा अंदाज होता ५,२०० कोटी, म्हणजे मुंबईकर घरपट्टी म्हणून जे भरतात त्याच्या पावणेतीनपट रक्कम राज्याच्या एका हप्त्याच्या ओळीतून येते. मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेचं महसुली उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांश याच्यावर उभं आहे, हे कळल्यावर लहान शहरांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट मला कायम खटकते ती सांगतो. केंद्राने राज्यांना जी भरपाई दिली ती २०१५-१६ च्या पायावर वर्षाला १४ टक्के वाढ धरून, आणि राज्याच्या त्या पायात जकात-एलबीटीचे पैसेही धरले होते. राज्याने महापालिकांना दिली ती ८ टक्क्यांनी. मधला फरक राज्याकडे राहिला. राज्याची बाजू अशी की केंद्राची हमी फक्त पाच वर्षांची होती, ३० जून २०२२ ला संपली, आणि महापालिकांना मात्र त्यानंतरही हप्ते चालूच आहेत, आता ते राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या पाच वर्षांचा हिशोब महापालिकांनी जोरात मांडायला हवा होता असं मला वाटतं, तो कुणी मांडल्याचं मला दिसलं नाही.

आणखी एक. या सूत्राचा जीएसटी किती गोळा झाला याच्याशी काहीही संबंध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर कमी झाले तेव्हा "आता महापालिकेचं अनुदानही घटणार" असं बरेच लोक बोलत होते. सूत्रानुसार घटत नाही. उलटं पण खरं, जीएसटीचं कलेक्शन रेकॉर्ड मोडत असलं तरी तुमच्या शहराला ८ च टक्के. तेव्हा कुणी अधिकारी "जीएसटी कमी आला म्हणून अनुदान कमी" असं उत्तर देत असेल तर त्याला शांतपणे विचारा की भरपाई कायद्यात हे कुठे लिहिलंय.

पायरी ४: बजेट पुस्तकात ती ओळ शोधा

प्रत्येक महापालिका वेगळं नाव लावते. कुठे "जकातीपोटी नुकसानभरपाई", कुठे "वस्तू व सेवा कर अनुदान", कुठे अजूनही "एलबीटी अनुदान" असं जुनंच नाव चालू असतं. जमा बाजू उघडा, आणि खाती जर राष्ट्रीय म्युनिसिपल लेखा पद्धतीप्रमाणे लावली असतील तर १२० नंबरच्या गटात बघा, तो अभिहस्तांकित महसूल (राज्याने गोळा करून महापालिकेला दिलेला) आणि नुकसानभरपाईचा गट आहे. काही ठिकाणी ही रक्कम १६० मध्ये म्हणजे महसुली अनुदानांच्या गटात टाकलेली असते. दोन्ही बघा.

आता इथे घोळ होण्याच्या जागा. पहिली म्हणजे मुद्रांक शुल्क. मुंबई सोडून इतर महापालिकांच्या हद्दीत घर घेताना स्टॅम्प ड्युटीसोबत एलबीटीपोटी जो १ टक्का जास्तीचा लागतो तो एलबीटी गेल्यावर महापालिकांना देण्यासाठी आहे, आणि तोही राज्याकडूनच महापालिकेला येतो. काही बजेटांमध्ये तो आणि जीएसटी भरपाई एकाच ओळीत मारलेले असतात, मग वाढ कधी १२ टक्के दिसते कधी ३, कारण फ्लॅटची विक्री वर-खाली होते. वाढ बरोबर ८ येत नसेल तर सगळ्यात आधी हाच संशय घ्या.

दुसरी जागा, जुनी एलबीटी थकबाकी. कर जाऊन इतकी वर्षं झाली तरी जुन्या व्यापाऱ्यांची असेसमेंट आणि वसुली बऱ्याच ठिकाणी रेंगाळत राहिली, त्याची छोटी ओळ वेगळी असते, ती भरपाईत मिसळायची नाही.

तिसरी, वित्त आयोगाचे पैसे. केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान हे केंद्राकडून राज्यामार्फत येतं, त्यातला मोठा भाग पाणी, कचरा, हवा अशा ठरलेल्या कामांनाच वापरायचा असतो. जीएसटी भरपाईला असं बंधन नाही, ती सर्वसाधारण महसुलात जाते, पगार द्या, पेन्शन द्या, खड्डे बुजवा. सभेत कुणी नगरसेवक "जीएसटीचे पैसे रस्त्याला का नाही वापरले" असं विचारतो तेव्हा अधिकारी गालात हसतात कारण कुठला रुपया कुठे गेला हे त्या पैशावर लिहिलेलं नसतं. प्रश्न असा विचारा की एकूण महसुली उत्पन्नातला किती टक्के भाग आस्थापना खर्चावर, म्हणजे पगार-पेन्शनवर जातो.

पायरी ५: तुमचं गणित आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवा

कागदावर तीन रकाने करा, वर्ष, तुमचा आकडा, महापालिकेचा प्रत्यक्ष जमा आकडा. "प्रत्यक्ष" हा शब्द महत्त्वाचा, अंदाज घेऊ नका.

फरक आला तर लगेच घोटाळा म्हणून ओरडू नका. आधी वार्षिक आकड्याला १२ ने भागून एका महिन्याचा हप्ता काढा. फरक जर जवळजवळ एका किंवा दोन हप्त्यांएवढा असेल तर बहुतेक मार्चचा हप्ता एप्रिलमध्ये जमा झालाय, म्हणजे एका वर्षात ११ हप्ते दिसतील आणि पुढच्या वर्षात १३. हे खूप कॉमन आहे. दोन-तीन वर्षांची बेरीज केली की फरक गायब होतो.

फरक वेडावाकडा असेल, हप्त्याच्या पटीत नसेल, तर कपातीचा संशय घ्या. महापालिकेने घेतलेलं सरकारी कर्ज, कुठल्या सरकारी यंत्रणेची थकबाकी, असं काही असेल तर ते अनुदानातूनच वळतं करून घेतलंय का हे जीआरमध्ये बघायचं. कपात झाली तर महापालिकेच्या खात्यात निव्वळ रक्कम येते, पण हिशोबात पूर्ण जमा आणि पलीकडे कर्जफेडीचा खर्च असं दाखवायला हवं. ते तसं दाखवलंय का हा चांगला प्रश्न आहे.

आता उलटी केस, जी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. पुढच्या वर्षाच्या अंदाजात महापालिकेने ८ च्या जागी १५-२० टक्के वाढ धरलेली असली तर समजा की बजेट फुगवलंय. हा आकडा तर सगळ्यांना आधीच माहीत असतो, तो वाढवून लिहायचं एकच कारण, खर्चाच्या बाजूला वॉर्डा-वॉर्डाची कामं बसवायला जागा करायची. मग डिसेंबरमध्ये पैसे नाहीत म्हणून ठेकेदारांची बिलं थांबतात आणि तुमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं काम अर्धवट राहतं.

पायरी ६: राज्याच्या बाजूने तपासा, जीआर

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर जा, विभाग नगर विकास निवडा, आणि शोधताना "वस्तू व सेवा कर" किंवा "नुकसान भरपाई" किंवा "स्थानिक प्राधिकरण" असे वेगवेगळे शब्द टाकून बघा, एका शब्दावर सगळे जीआर येत नाहीत. हप्ता वितरित करण्याचा जीआर साधारण दोन-चार पानांचा असतो, शेवटी महापालिकानिहाय तक्ता असतो. तिथे तुमचं शहर, रक्कम, कपात असेल तर ती, आणि कुठल्या महिन्याचा हप्ता ते मिळतं. मुंबईचा जीआर पुष्कळदा वेगळा निघतो, त्यामुळे तक्त्यात मुंबई नाही दिसली म्हणून घाबरू नका.

जीआरची तारीख लिहून ठेवा. २०१७ मध्ये दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत हप्ता देण्याची गोष्ट फार गाजली होती, तेव्हा जीआर कधी निघतो आणि महापालिकेच्या बँकेत पैसे कधी पडतात यातलं अंतर बघण्यासारखं असतं. लहान महापालिकांत पगाराची तारीख या हप्त्यावर नाचते, हे तिथल्या कुठल्याही क्लार्कला विचारा.

जास्त खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी, राज्याच्या बजेटमध्ये हे पैसे ३६०४ या मुख्य लेखाशीर्षाखाली असतात, स्थानिक संस्थांना द्यायच्या नुकसानभरपाया आणि अभिहस्तांकनं. किती तरतूद, किती वितरित हे तिथून कळतं. पण एका शहराचा हिशोब करायला याची गरज पडत नाही, सोडून दिलंत तरी चालेल.

पायरी ७: आरटीआय, पण नीट लिहिलेला

वरच्या पायऱ्यांत काही सापडलं नाही तर अर्ज करा. महाराष्ट्रात आरटीआय अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय असा नियम आहे, त्यामुळे त्यात भाषण करायचं नाही. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन भरा. अर्ज महापालिकेच्या मुख्य लेखा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, आयुक्तांच्या नावाने नको, नाहीतर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

मजकूर असा ठेवा:

"महाराष्ट्र वस्तू व सेवा कर (स्थानिक प्राधिकरणांना भरपाई) अधिनियम, २०१७ अन्वये महापालिकेस मिळालेल्या भरपाईबाबत खालील माहिती द्यावी. एक, भरपाईसाठी निश्चित केलेली २०१६-१७ ची पायाभूत रक्कम व तिचा तपशील. दोन, एप्रिल २०२३ ते आजपर्यंत प्रत्येक महिन्याची मंजूर रक्कम, कपात केलेली रक्कम, कपातीचे कारण, प्रत्यक्ष जमा रक्कम व जमा दिनांक. तीन, संबंधित शासन निर्णयांच्या प्रती. चार, कमी मिळालेल्या रकमेबाबत महापालिकेने शासनाशी केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. माहिती तक्त्याच्या स्वरूपात उपलब्ध नसल्यास संबंधित नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे ठरलेलं उत्तर आहे, आणि पाहणीची मागणी आधीच केलेली असली की त्या उत्तराची हवा जाते. आणि "का" विचारू नका, "अनुदान कमी का आलं" असा प्रश्न लिहिलात तर मत मागितलंय, ते माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत पाठवतील. कागद मागा, कारण कागदातून आपोआप कळतं.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे नंबर लागायला खूप वेळ जातो हे खरंय, म्हणून मी म्हणेन की पहिल्या अपिलाची सुनावणी सिरियसली घ्या, स्वतः जा, तुमचा तीन रकान्यांचा कागद सोबत न्या. आकडे घेऊन आलेल्या माणसाशी अकाउंट्सवाले वेगळ्या पद्धतीने बोलतात.

पायरी ८: आकडा हातात आल्यावर काय करायचं

पैसे खरंच कमी आले असतील तर पहिला प्रश्न महापालिकेलाच, तुम्ही नगर विकास विभागाला पत्र कधी लिहिलं? वर जो चौथा मुद्दा आरटीआयमध्ये टाकलाय तो याचसाठी. कित्येकदा असं निघतं की पत्रच लिहिलेलं नाही. प्रशासकांच्या काळात, म्हणजे मुंबईत मार्च २०२२ पासून आणि इतर शहरांत थोड्याफार फरकाने, आयुक्त स्वतःच प्रशासक होते, राज्यानेच नेमलेले, ते राज्याशी पैशांवरून भांडतील अशी अपेक्षा करणं जरा जास्तच होतं. आता नगरसेवक आहेत, तेव्हा हा प्रश्न स्थायी समितीत लेखी विचारायला लावा. आमदारांकडून विधानसभेत तारांकित प्रश्न टाकून घेता आला तर उत्तम, तिथलं उत्तर छापील असतं आणि नंतर मंत्र्यांना फिरवता येत नाही.

पैसे बरोबर येत असतील तर वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पाया २०१६-१७ ला गोठलाय. त्या वर्षी ज्या शहराचं उत्पन्न तगडं होतं ते कायम तगडं, ज्याचं पडलेलं होतं ते कायम मागे, कारण दोघांना वाढ ८ च टक्के. मुंबईची २०२५-२६ ची भरपाई २०११ च्या जनगणनेतल्या १ कोटी २४ लाख लोकांत वाटली तर माणशी साडेअकरा हजारांच्या वर जाते. तुमच्या शहराचा असाच भागाकार करा आणि बघा कुठे आहात. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, त्यातल्या बहुतेक गावांतल्या लोकांना पाणी, रस्ते, कचरा सगळं महापालिकेने द्यायचं, पण भरपाईचं सूत्र त्यांना ओळखत नाही, ते २०१६-१७ च्या हद्दीतच अडकलंय. जकात असती तर त्या गावांत येणारा माल आपोआप मोजला गेला असता.

यावर उपाय आहे का, तर राज्य वित्त आयोग. घटनेच्या २४३-आय कलमाप्रमाणे दर पाच वर्षांनी राज्यपालांनी तो नेमायचा असतो आणि राज्याच्या उत्पन्नातला किती वाटा शहरांना द्यावा हे २४३-वाय कलमाप्रमाणे त्याने सांगायचं असतं. हद्दवाढ झालेल्या किंवा नव्याने झालेल्या महापालिकांनी आपली मागणी तिथे आकड्यांसकट मांडायला हवी, आणि नागरिक संघटनांनाही निवेदन द्यायला कुणी अडवत नाही. निवेदनात वरचे तीन रकाने, माणशी आकडा आणि हद्दवाढीनंतरची लोकसंख्या एवढं एका पानावर टाका.

वेळापत्रकाचं म्हणाल तर बजेट येण्याच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत तुमचा पुढच्या वर्षाचा आकडा काढून ठेवा. बऱ्याच महापालिका बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवतात, त्यात तो लेखी पाठवा. आयुक्तांनी स्थायी समितीला बजेट सादर केलं की त्याच दिवशी जमा बाजूची ती ओळ बघा, फरक असेल तर स्थायी समितीची चर्चा संपायच्या आत तुमच्या नगरसेवकाच्या हातात कागद द्या, सर्वसाधारण सभेत गेल्यावर फार बदल होत नाहीत. एप्रिलमध्ये मार्चचा हप्ता कधी पडला ते बघून तुमचा तक्ता अपडेट करा, आणि मागच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट आला की मुख्य लेखापरीक्षकांनी या ओळीवर काही आक्षेप घेतलाय का ते चाळा.